टोपलीला लावलेला हात

सरांवर काहीतरी लिहा, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांनी मला सुचवलं तेव्हा मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अक्षर स्वच्छ दिसू लागलं, तेव्हा हात थरथरतो म्हणून सांगितलं. हात अजूनही थरथरतो, पण न लिहिण्याचं कारण ते नव्हतं. सरांबद्दल काहीही लिहायला घेतलं की एका रविवारपाशी यावं लागतं, आणि त्या रविवारच्या अलीकडेच पेन खाली ठेवायची मला सवय झाली होती. आता ऐंशी जवळ आली. आमच्याकडे सरांचं नाव निघालं की लोक अजूनही म्हणतात, "माणूस विद्वान, पण मंडळीपासून गोष्ट लपवून ठेवली त्यांनी." हे खरं नाही. आणि ते खरं नाही हे ठाऊक असलेला, या मंडळीत उरलेला एकटा माणूस मी आहे.

सर मूळचे आमच्या भागातले नव्हते. लांबच्या एका धर्मविद्यालयात त्यांनी आयुष्यभर ग्रीक शिकवली. बायबलमधला नवा करार मुळात ज्या भाषेत लिहिला गेला ती. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, ते सातपाटीला येऊन राहिले, समुद्राजवळ एका खोलीत. पालघरात बरी जागा मिळाली असती, बोईसरला आमच्या प्रार्थनामंदिराशेजारीही मिळाली असती. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, येशूचे अर्धे शिष्य कोळी. मी इतकी वर्षं जाळ्यांबद्दल शिकवलं आणि जाळं कधी हातात धरलं नव्हतं. लाज वाटली."

उंच, किडकिडीत, मेमध्येसुद्धा बिनबाह्यांचं स्वेटर. ग्रीक नव्या कराराचा पुठ्ठा कधीच गेलेला, म्हणून पुस्तक बासमती तांदळाच्या रिकाम्या पिशवीत. बोलताना सगळ्यांना 'अहो', भाजीवाल्यालाही आणि दारातल्या कुत्र्यालाही.

त्यांना "कसे आहात?" विचारायची सोय नव्हती. लोक हा प्रश्न विचारतात आणि पुढे चालू लागतात. सर थांबत. मान खाली घालत. खरोखर आत डोकावून बघत, आणि मग बऱ्याच वेळानं सांगत, "आज थोडा चिडलेला आहे. पण दुपारनंतर निवळेल." एकदा बोईसर स्टेशनबाहेर ओळखीच्या रिक्षावाल्यानं हाक मारली, "चाचा, कैसे हो?" सर एक पाय रिक्षात, एक पाय रस्त्यावर ठेवून विचारात पडले. मागून टेम्पो भोंगे वाजवायला लागले. "अरे चाचा, बैठ जाओ," रिक्षावाला ओरडला, "बाद में सोच के बताना!" तारापूर नाक्याला उतरताना सरांनी त्याला उत्तर दिलं. "अच्छा हूँ. लेकिन पूरा नहीं."

मी हसलो, तर मला म्हणाले, "अहो वडील, प्रश्न विचारणाऱ्यानं आपल्याला काहीतरी देऊ केलेलं असतं. ते न बघता परत कसं करायचं?" मी मंडळीचा एक पंच, आणि आमच्यात पंचांना 'वडील' म्हणतात. वयानं सर माझ्याहून बरेच मोठे होते, तरी मला ते तसंच म्हणत.

शनिवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. आम्ही सात-आठ जण. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. बाकी कोणी शाळेत, कोणी बँकेत. ग्रीक शिकून आम्हाला काय करायचं होतं? पण सर भाषा शिकवतच नसत. ते शब्द आणून समोर ठेवत, वस्तू ठेवावी तसा.

एका शनिवारी त्यांनी वर्तमानपत्राची पुडी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत मांदेली होती, दोन दिवसांची. शेडमध्ये पंखा एक, खिडकी एक. सरांनी काही न बोलता हजेरी घेतली, प्रार्थना केली, मागच्या आठवड्याची उजळणी केली. आमचे खजिनदार नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सर, हे आता टाकू का?"

"थांबा. अजून एक श्लोक आहे."

मग त्यांनी नव्या करारातल्या, पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातला श्लोक काढला. तोंडातून वाईट भाषण निघू देऊ नका, अशा अर्थाचा. "वाईट म्हणतो आपण. पौलाचा शब्द आहे साप्रोस. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळं ओढून काढल्यावर कोळी जे मासे फेकून देतात ना, तेही साप्रोसच. आता हा वास घेऊन घरी जा. आणि जेवताना शेजाऱ्याबद्दल बोलायला लागलात की आठवा."

त्यानंतर मंडळीत कुणी कुणाबद्दल कुजबुजू लागलं की सर नुसते इकडेतिकडे हुंगत. लोक गप्प होत. काहींनी ते त्यांना कधीच माफ केलं नाही.

दुसरा प्रसंग मीच ओढवून घेतला. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय चालू होता. मी म्हटलं, "सर, पौल इथं सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. आणि दोन-तीन ओळी पुढे म्हणतो, ज्यानं त्यानं आपलं ओझं वाहावं. आमच्या कारखान्यात असा आदेश निघाला असता तर लिहिणाऱ्याला मेमो मिळाला असता."

सर लहान मुलासारखे खूश झाले. "उत्तर इथं नाही. उद्या पहाटे सातपाटीला या."

आम्ही तिघं-चौघं गेलो. होड्या लागलेल्या, मासळी उतरत होती, बायकांची ओरड चाललेली. सरांची घरमालकीण हिरामावशी बोंबलांनी भरलेल्या टोपलीशेजारी उभी होती. आम्ही पँटी वर धरून, बूट भिजू नयेत म्हणून एका दगडावर गोळा झालेलो. ती आमच्यावर खेकसली, "काय बगत ऱ्हायलाव? हात लावा की!" मी आणि एक मास्तर पुढे झालो. टोपली उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली. तिनं मान जरा हलवून तोल साधला आणि चालू लागली. मास्तर उत्साहानं तिच्या मागं धावले, टोपलीला हात देत. तिनं वळूनही न बघता सांगितलं, "सोड रं बाबा, पाडशील."

"झालं," सर म्हणाले. "वर्ग संपला."

परतताना एसटीत त्यांनी शब्द सांगितले. पहिल्या ओळीत आहे बारोस, एकट्याला न पेलणारं वजन. ते उचलायला दुसऱ्याचा हात लागतोच. पुढच्या ओळीत आहे फोर्तिओन, ज्याचं त्यानं वाहायचं गाठोडं. त्यात दुसऱ्यानं हात घातला तर वाहणारा पडतो. "आपण नेमकं उलटं करतो," सर म्हणाले. "उचलायच्या वेळी दगडावर उभे राहतो, आणि कुणी चालायला लागलं की मागं धावतो."

आता रमण आणि बेबीबद्दल सांगायला हवं.

रमण मासवणच्या बाजूचा वारली. आमच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून लागलेला, माझ्या हाताखाली. पावसाळ्यात घरची भातशेती करायचा, एरवी बोईसरला खोली घेऊन राहायचा. मी त्याला प्रार्थनेला आणू लागलो. त्याची बेबी तर त्याच्याआधी गाणी पाठ करून मोकळी झाली. त्यांचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा रमण मला कारखान्याच्या गेटपाशी म्हणाला, "सायेब, एक हाय. आमचं लगीन नाय झालं अजून."

"म्हणजे?"

"म्हंजे घर केलंय आमी. दोन्ही घरचे राजी हायत. लगीन मागनं करतात आमच्यात, जेवान घालायची ऐपत झाली की. माज्या आयबापाचं आमी पोरं झाल्यावर झालं. आमी नाचलो त्येंच्या लग्नात."

तो हसत होता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. मलाही, खरं सांगायचं तर, त्यात पाप दिसलं नाही. दिसला तो आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंचा, पाळकसाहेबांचा चेहरा. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी, 'वडिलांनी आणलेलं कुटुंब' म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघावं ही माझी हौस. मी रमणला म्हटलं, "हे तू कुणाशी बोलू नकोस. मी बघतो." पाळकसाहेबांनी मला विचारलं, "लग्न रीतसर झालंय ना?" मी म्हटलं, "झालंय."

इतकंच. एकच शब्द, पण त्यावर पुढची काही वर्षं उभी राहिली. रमण आणि बेबी आमच्याबरोबर प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत वाटतात ती, भाकर घेत राहिले. त्यांना दोन मुलं झाली.

मग तो रविवार आला. उपासनेच्या शेवटी सूचना असतात. पुढच्या आठवड्याची प्रार्थना कुणाकडे, कोण आजारी आहे, असं. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "अजून कुणाला काही सांगायचंय?" आणि धाकट्याला कडेवर घेऊन बेबी उभी राहिली. नवी साडी, चेहरा नुसता फुललेला.

"आमच्याकडं लगीन हाय, मासवनला. समद्यांनी या. जेवान हाय."

"अरे वा," खजिनदार म्हणाले. "कोणाचं लग्न?"

"आमचं! माजं नि याचं!"

कुणीतरी मागं हसलं आणि मध्येच थांबलं. बेबी तशीच उभी, उत्तराची वाट बघत. एवढ्या माणसांना आमंत्रण दिलं आणि कुणी 'येतो' म्हणत नाही, हे तिला कळेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी स्तोत्रांच्या पुस्तकात बघितलं.

लोक गेल्यावर शेडमध्ये पंचांची बैठक बसली. सरांना वर्ग घेणारे म्हणून बोलावलेलं. रमणला दाराशी उभं केलेलं. बेबी बाहेर, पायरीवर, मुलांना घेऊन.

आमच्याकडे एक रीत आहे, 'शिस्तीखाली ठेवणं'. चुकलेल्या माणसाला मंडळीतून काढत नाहीत, पण तो सगळ्यांसमोर चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजनाची भाकर देत नाहीत. त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. ताटली त्याच्या बाकापर्यंत न येता वळते. रमण-बेबीला शिस्तीखाली ठेवायचं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. सर सोडून.

ते उभे राहिले. गलतीकरांचं तेच पत्र, तोच अध्याय, पहिली ओळ. "कुणी एखाद्या चुकीत सापडला तर त्याला सौम्यतेनं पुन्हा नीट करा, असं पौल म्हणतो. या 'नीट करा'साठी त्यानं जो शब्द घेतलाय, तोच शुभवर्तमानात दोन भाऊ होडीत बसून करतायत. जाळी सांधतायत. अहो, सांधायचं जाळं आधी मांडीवर घ्यावं लागतं. लांबून सांधता येत नाही. आणि हे दोघं तर स्वतःहून लग्न करतायत, आपल्याला जेवायला बोलावतायत. आपण जाऊ या. पाळकसाहेब, तुम्ही तिथं प्रार्थना करा. काय फाटलंय ते तिथंच सांधलं जाईल."

खजिनदार म्हणाले, "सर, तुम्हीच मांदेली दाखवली होती. कुजकं ते फेकायचं."

"ते शब्दांबद्दल होतं. माणसांबद्दल नाही."

"मग इतकी वर्षं आम्हाला खोटं सांगितलं गेलं, तो शब्द कुठला?"

या एका ठिकाणी खजिनदार बरोबर होते. पाळकसाहेब रमणकडे वळले. "खरं सांग. हे मंडळीत कुणाला माहीत होतं?"

रमणनं माझ्याकडे बघितलं. मी त्याचा सुपरवायझर. माझ्या एका सहीनं त्याचा गेटपास बंद झाला असता. मला बोलायला वेळ होता. पुष्कळ वेळ होता. पण त्या वर्षी माझ्या मुलीचं ठरत होतं, पाळकसाहेबांच्याच नात्यात, आणि मी टेबलावरच्या एका डागाकडे बघत राहिलो.

"मला माहीत होतं," सर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. "केव्हापासून?" असं कुणी विचारलं असतं तर सरांनी खरं सांगितलं असतं, एवढी मला खात्री आहे. त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं. बेबी पहिलं आमंत्रण घेऊन सातपाटीला त्यांच्याकडेच गेली होती, हे रमणकडून मला नंतर समजलं. तिनं त्यांना हेही सांगितलं होतं की वडीलसायबांना पहिल्यापासून ठाऊक आहे, त्यांनीच बोलू नको म्हटलं. पण कुणी विचारलं नाही. सरांना पहिल्यापासून माहीत होतं असं सगळ्यांनी धरलं, आणि सरांनी धरू दिलं. आयुष्यभर एक शब्द जरा सैल पडला तरी ज्यांना झोप येत नसे, त्यांनी ते वाक्य तसंच अर्धवट राहू दिलं.

शनिवारचा वर्ग बंद झाला. सर शिस्तीखाली गेले. मी पंच राहिलो. मुलीचं लग्न झालं.

रमण-बेबीच्या लग्नाला मंडळीतून एकच माणूस गेला. पालघरला एसटी बदलून, छत्री आणि तांदळाची पिशवी घेऊन. पुढच्या रविवारी सर उपासनेला आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर हळद लागलेली होती. धुऊन गेली नसेल, किंवा त्यांनी धुतली नसेल. शेवटच्या बाकावर, ती पिवळी कॉलर घेऊन, ते ताठ बसले. रमण आणि बेबी परत कधी आले नाहीत. रमणनं कामही सोडलं. मनोरला हायवेवर कुठेतरी लागला, असं ऐकलं.

सरांना दुसऱ्या मंडळीत जाता आलं असतं. गेले नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीची ताटली बाकाबाकांतून फिरवायचं काम माझं. पुढच्या बाकापासून सुरुवात करायची, मागपर्यंत जायचं. शेवटच्या बाकाच्या आधी मला वळावं लागे. माझ्या बुटांचा आवाज तिथं थांबे. सर हात मांडीवर ठेवून बसलेले असत. रागानं बघत नसत. तसं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे, वर्गात एखाद्याला उत्तर येतंय असं वाटलं की बघत, तसं बघत. थोडा वेळ देत. मी वळे.

अशी बरीच वर्षं गेली, मग लॉकडाऊन आला. उपासना मोबाइलवर सुरू झाली. पाळकसाहेब पडद्यावरून प्रार्थना म्हणत आणि प्रत्येकानं आपापल्या घरी पावाचा तुकडा घ्यायचा. ताटली नव्हती, बाक नव्हते. कोण घेतं, कोण नाही, बघणारं कुणी नव्हतं. मला त्या दिवसांत एक विचित्र सुटका वाटली. मनाशी म्हटलं, सर आता घेत असतील.

सगळं जरा सुरळीत झाल्यावर सर आजारी असल्याचं कळलं. मी सातपाटीला गेलो. एसटीत पूर्ण वेळ एकच वाक्य मनात घोळवत होतो. खिडकीबाहेर काय होतं ते आठवत नाही.

हिरामावशी दारातच भेटली. मला ओळखून म्हणाली, "तुमच्या देवळातलं त्ये मोबाइलवर लागायचं ना, सर बसायचं त्येच्या म्होरं. मी पाव आनून द्यायचे, बशीत. परत्येक येळी बशी तशीच. म्हनलं, सर, खाव की. म्हनं, मावशी, मला अजून परवानगी नाय." तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "खोलीत येकटा मानूस. कोन बगनार व्हतं? येडाच."

मी आत गेलो. सर भिंतीला टेकून बसले होते, तेच स्वेटर, आत शरीर जेमतेम. मांडीवर जाळ्याचा तुकडा होता. हिरामावशीच्या मुलाकडून शिकत होते. फार वाईट सांधलेलं होतं, गाठी कुठल्या कुठे. त्यांनी सुई बाजूला ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अहो वडील. कसे आहात?"

त्यांच्या तोंडून तो प्रश्न मी पूर्वी क्वचितच ऐकला होता. ते सहजासहजी विचारत नसत, कारण विचारलं की उत्तरासाठी थांबावं लागतं. ते थांबले. बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं. ते थांबूनच होते. माझं वाक्य तयार होतं, जिभेवर आलेलं होतं.

मी म्हटलं, "बरा आहे."

सरांनी थोडा वेळ आणखी वाट बघितली. मग मान हलवली. "बरं."

तेवढ्यात बाहेरून हिरामावशीनं हाक मारली, "ओ सायेब, जरा हात लावा!" आणि मी, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखा उठलो. टोपलीला हात लावला. तिच्या डोक्यावर ठेवली. ती चालायला लागली. वळून बघितलं तर सर दारातून बघत होते. मी तिथूनच हात जोडले, येतो म्हणालो, आणि निघालो.

पावसाळ्याआधी सर गेले. दफनाला मंडळी आली, पाळकसाहेब चांगलं बोलले. बेबी आणि रमण आले होते, मुलं मोठी झालेली. बेबीनं मला नमस्कार केला. तिच्या नजरेत काही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मातीची मूठ टाकताना मी पुन्हा ते वाक्य म्हणायचा प्रयत्न केला. बाजूला खजिनदार उभे होते.

मी त्या पहाटेच्या टोपलीचा विचार करत आलो आहे. त्या रविवारी माझ्याच्यानं उचललं न जाणारं जे होतं, त्याला सरांनी हात लावला. तिथून पुढे चालायचं मला होतं. वर्षामागून वर्षं, त्या शेवटच्या बाकावरून, ते मी चालायला लागण्याची वाट बघत राहिले. खोलीत एकटे असतानासुद्धा त्यांनी पाव तोंडात घातला नाही, कारण माझी शिक्षा अजून मी घेतलेली नव्हती आणि ती मधेच खाली ठेवणं त्यांना जमलं नसावं.

सर, तुम्ही मला कसे आहात म्हणून विचारलं होतंत. मी बरा नव्हतो. मला माहीत होतं, सर. तुमच्या आधीपासून, पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मला क्षमा करा.